पंख्याचा आवाज आणि शून्य क्रमांकाचं स्वातंत्र्य

मामींच्या कानात नवं मशीन बसलं, त्या दिवसापासून त्यांना सर सोडून सगळं जग ऐकू येऊ लागलं.

नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. शेजारच्या वकीलसाहेबांच्या चष्म्याच्या डबीचं झाकण टपकन मिटतं, तेसुद्धा भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागलं. त्या तर म्हणत, की साबणाची वडी हातातून घसरतानाही आवाज करते आणि हे कान गेल्यापासूनच्या सात वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फक्त ज्या गृहस्थाबरोबर त्यांनी एक्केचाळीस वर्षं संसार केला, तो समोर उभा राहून ओठ हलवी आणि मामी त्याच्याकडे मत्स्यालयातल्या माशाकडे पाहावं तशा प्रेमाने पाहत.

सरांना पहिले चार दिवस वाटलं, की हा अबोला आहे. मशीनचा रंग झुरळासारखा आहे, असं ते दुकानात बोलून गेले होते आणि मामी अशा गोष्टी मनात ठेवतात, हे अनुभवाने त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनीही उलट अबोला धरला. तो दोन दिवस चालला आणि कुणाच्या लक्षातच आला नाही. ज्याचं बोलणंच ऐकू येत नाही, त्याच्या न बोलण्याची दखल कोण घेणार?

पाचव्या दिवशी दूध उतू गेलं. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते सांगत होते. "दूध वर येत आहे. दूध काठाशी आले आहे. दूध आता जाणार." मामी पाठमोऱ्या होत्या. दूध शेगडीवर सांडून चर्रकन वाजलं, तेव्हा त्या गर्रकन वळल्या.

"अहो, इथे उभं राहून बघत काय होतात? तोंडाने सांगता येत नाही?"

हा आघात सरांना सहन झाला नाही. कारण आवाज ही त्यांची जन्माची कमाई होती. चौतीस वर्षं त्यांनी लघुलेखनाच्या वर्गात उतारे वाचून दाखवले होते. मिनिटाला ऐंशी शब्द म्हणजे ऐंशी, एक्याऐंशी नाहीत. "तीव्र निषेध करण्यात येत आहे" आणि "हार्दिक अभिनंदन करण्यात येत आहे" ही दोन्ही वाक्यं ते एकाच पट्टीत वाचत. लिहून घेणाऱ्याने भावनेच्या भरात अक्षर चुकवू नये, हे त्यामागचं शास्त्र. सगळी इमारत त्यांना डिक्टेशन सर म्हणे, आणि मामींना मामी म्हणे, कारण सरांची भाची लहानपणी त्यांच्याकडे शिकायला होती आणि तिचंच बोलणं सगळ्यांच्या तोंडी बसलं.

सरांनी खुणेने सांगितलं, मशीन काढ. मामी म्हणाल्या, "का काढू? सगळं ऐकू येतंय की!" सरांनी चिठ्ठी लिहिली. पण घाईत हात सवयीवर गेला आणि चिठ्ठी लघुलिपीत लिहिली गेली. मामींनी त्या रेघोट्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पेन चालत नाही वाटतं." शेवटी देवनागरीत दुसरी चिठ्ठी गेली आणि दोघं दुकानात गेली.

दुकानातल्या तंत्रज्ञ बाई हुशार होत्या. त्यांनी मशीनला वायर जोडली, पडद्यावर एक आलेख आणला आणि म्हणाल्या, "सर, काहीतरी बोला."

सरांनी एक जुना उतारा म्हणून दाखवला. विषय बंदरांचा विकास. पडद्यावरची रेघ क्षणभर हलली आणि मग आडवी झोपली. तंत्रज्ञ बाईंनी उठून टेबलावरचा पंखा लावला. रेघ तशीच हलली, तशीच झोपली. त्यांनी पंखा बंद केला. सरांना पुन्हा बोलायला लावलं. मग पुन्हा पंखा. नियंत्रित प्रयोग म्हणून त्यात खोट काढायला जागा नव्हती.

"त्याचं काय आहे सर," त्या घसा साफ करत म्हणाल्या, "ह्यात एक प्रोग्रॅम आहे. एकसारखा चालणारा आवाज असला, पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, की तो ओळखून पुसून टाकतो. माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून."

"मग मी कोण?"

"तुम्ही माणूसच हो. पण मशीनच्या दृष्टीने..." त्यांनी पडद्यावरचे शब्द वाचले. "स्थिर पार्श्वध्वनी."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "ती ओळख बदला."

"ते आमच्या हातात नाही. तो कसा ओळखतो, किती वेळाने ओळखतो, हे आम्हालाही सांगत नाहीत. कंपनीचं गुपित आहे." आणि मग त्यांनी, वाईट हेतू नसताना, ते वाक्य उच्चारलं जे पुढचे चार महिने सरांच्या जिव्हारी लागून राहिलं. "तुम्हीच थोडा चढउतार आणून बोला ना घरी."

म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू चुकते आणि सुधारायचं कुणी, तर अडुसष्ट वर्षांच्या माणसाने!

सरांनी कंपनीला पत्र लिहिलं. चार परिच्छेद, समास सोडून, तळाशी सोबत जोडलेल्या कागदांची यादी. उत्तरादाखल एक फॉर्म आला. त्यात तक्रारदार कोण, यासाठी तीन चौकटी होत्या. वापरकर्ता, वापरकर्त्याचा डॉक्टर आणि अधिकृत विक्रेता. ज्याला पुसून टाकण्यात आलं आहे, त्याच्यासाठी चौकट नव्हती. सरांनी पट्टीने चौथी चौकट आखली, शेजारी "पती" असं लिहिलं आणि तीत खूण केली. फॉर्म परत आला. "नमुन्यात फेरफार केल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही."

मग त्यांनी फोन केला. पलीकडून एक यांत्रिक आवाज लाडात आला. "आपण फोन केलात, आम्हाला खूऽप आनंद झाला! आपली अडचण थोडक्यात सांगा बरं!" यंत्र असून त्याच्या आवाजात इतके हेलकावे होते, की सरांना बोट लागल्यासारखं झालं. त्यांनी अडचण सांगितली. "क्षमा करा हं! आपल्या बाजूने नुसती घरघर ऐकू येतेय. शांत जागी जाऊन पुन्हा प्रयत्न करा!"

महिन्याभराने एक शेवटचं पत्र आलं. नको असलेला आवाज यंत्र पूर्णपणे गाळत असल्याचं आपण आवर्जून कळवलंत, त्याबद्दल आभार. आपला अभिप्राय समाधानी ग्राहकांच्या यादीत नोंदवला आहे. खाली बारीक अक्षरांत अटी होत्या. यंत्र तुमचं, पण आतला प्रोग्रॅम कंपनीचा. तो पाहण्याचा, बदलण्याचा किंवा बदलवून घेण्याचा प्रयत्न झाल्यास करार भंगेल.

"कान हिचा, नवरा हिचा," सर जिन्यात उभे राहून म्हणाले, "आणि कानात नवरा शिरू द्यायचा की नाही, हे ठरवणार तिसराच!"

जिन्यात बोलल्यामुळे गोष्ट इमारतभर झाली. वकीलसाहेब लगेच घरी आले. हा अब्रूनुकसानीचा दावा होऊ शकतो, असं त्यांचं मत पडलं. भरल्या दुकानात जित्या माणसाला पंखा म्हटलं आहे. "फक्त एक सांगा सर, छताचा की टेबलावरचा? दाव्यात नेमकेपणा लागतो." सरांनी त्यांना चहा न विचारता निरोप दिला.

तळमजल्यावरच्या गाणंवाल्या बाईंनी वेगळा इलाज सुचवला. पंधरा दिवसांत आवाजात चढउतार आणून देते म्हणाल्या. सर तत्त्वाचे पक्के, पण घरातली शांतताही आता त्यांना खायला उठली होती. ते तीन वेळा शिकवणीला गेले. वर चढायला ते शिकले. उतरायचं कसं, ते मात्र जमेना. प्रत्येक वाक्य गच्चीवर जाऊन अडकल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरी येऊन जीव एकवटून विचारलं, "भाजी कोणतीऽऽ आणूऽऽ?"

मामींना ऐकू गेलं. त्यांनी धावत येऊन सरांच्या कपाळाला हात लावला. "अहो, काय होतंय तुम्हाला? बसा, बसा आधी!"

सर बसले आणि म्हणाले, की हा प्रकार पुन्हा होणार नाही. ते अर्थातच ऐकू गेलं नाही.

अशा अवस्थेत एका रविवारी भाची आली. ती प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करते. मामाचा सगळा पत्रव्यवहार तिने तारखेच्या क्रमाने वाचला आणि हसायला लागली.

"हसतेस काय?"

"मामा, तुम्ही जे जिन्यात ओरडलात ना, त्यासाठी चाळीसेक वर्षांपूर्वी एका माणसाने आपलं अख्खं आयुष्य लावलं."

"मी ओरडलो नाही. मी सांगितलं. त्याच्याही बायकोच्या कानात मशीन होतं?"

"छापायचं यंत्र होतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. आधीच्या यंत्रात कागद अडकला, की ज्याचं काम अडलं त्याला निरोप जाईल, अशी सोय त्याने स्वतः प्रोग्रॅममध्ये केली होती. त्या काळी तसंच चालायचं. प्रोग्रॅम लिहिलेला सगळ्यांच्या हाती असायचा, कुणी काही सुधारलं की शेजाऱ्याला द्यायचं. मग नवीन यंत्र आलं. कागद त्यातही अडकायचा, पण प्रोग्रॅमचा मूळ मजकूर कंपनीने दिला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. हा गेला मागायला. तो म्हणाला, देणार नाही, तसं वचन दिलंय मी."

"आणि ते त्याने पाळलं?"

"पाळलं."

"नालायक!" सर म्हणाले. वचन पाळणाऱ्या माणसाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हे विशेषण लावलं. "पण मूळ मजकूर म्हणजे काय? प्रोग्रॅम यंत्रात होताच ना?"

भाचीने टेबलावर पडलेली ती लघुलिपीतली चिठ्ठी उचलली. "ही तुम्ही मामीला दिलीत. मामीच्या हातात होती, तरी तिला वाचता आली का? कंपनी तुम्हाला देते ती ही अशी रेघोट्यांची चिठ्ठी. मशीन तेवढं ती वाचतं. सरळ भाषेत लिहिलेलं जे मूळ असतं, ते स्वतःच्या कपाटात ठेवते."

सरांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. स्वतःच्याच धंद्यातलं पाप आपल्याला कुणीतरी दाखवून द्यावं, तसं त्यांना झालं.

मग भाचीने पुढचं सांगितलं. त्या माणसाने नोकरी सोडली आणि सगळं नव्याने, उघडं लिहायला घेतलं. शेकडो लोक येऊन मिळाले. त्याने एक परवाना तयार केला, तो तर वकीलसाहेबांनाही आवडेल असा. घ्या, वापरा, बदला, वाटा. अट एकच. बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर ह्याच सवलतींसह आणि मूळ मजकुरासकट द्यायचं, वर कुलूप लावायचं नाही. म्हणजे जो कायदा कुलूप लावायला वापरतात, तोच त्याने कुलूप लावू नये म्हणून वापरला. आणि वापरणाऱ्याची चार स्वातंत्र्यं सांगितली. शून्य क्रमांकाचं, हवं त्या कामासाठी चालवण्याचं.

"थांब. शून्य?"

"प्रोग्रॅमवाले शून्यापासून मोजतात, मामा. पहिलं, आत कसं चालतं ते पाहून हवं तसं बदलण्याचं. दुसरं, इतरांना देण्याचं. तिसरं, आपण सुधारलेलं सगळ्यांना देण्याचं."

"म्हणजे तीन झाली."

"चार झाली."

सरांनी वहीत चारही लिहून घेतली, शून्य लिहिताना तोंड वाकडं करून. तेवढ्यात दार उघडं असल्यामुळे वकीलसाहेब आत आले होते. ते म्हणाले, "थोडक्यात, फुकट."

"फुकट नव्हे, मुक्त!" सर उसळले. "फुकट ते कंपनीसुद्धा देईल आणि आत कुलूप घालील!"

भाची म्हणाली, की या लोकांतही दोन तट पडले. एक म्हणतात, हा नीतीचा प्रश्न आहे. दुसरे म्हणतात, नीती राहू द्या, उघडं ठेवलं की काम चांगलं होतं, एवढंच बोला, लोक बिचकत नाहीत. सर तत्काळ पहिल्या तटात दाखल झाले. बिचकू देत लोक!

भाचीच्या ओळखीत एक गट होता. देशोदेशीची माणसं मिळून कानाचं मशीन बनवत होती. आराखडा उघडा, प्रोग्रॅम उघडा. दोन आठवड्यांनी तिने ते जेवणाच्या टेबलावर जुळवलं. साबणाच्या डबीएवढी पेटी कमरेला अडकवायची आणि तिच्यातून निघालेल्या दोन वायरी कानात. मामींनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "एक्स्चेंजमध्ये होते तेव्हाही अशीच दिसायचे मी." नोकरीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे टेलिफोन जोडून देण्यात घालवली होती.

सर समोर उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "हा मुक्त प्रोग्रॅम आहे. यात कोणाचेही कुलूप नाही."

मामी प्रेमाने पाहत राहिल्या. मत्स्यालयातल्या माशाकडे पाहावं तशा.

भाचीने पंखा लावला. पुसला गेला. सर बोलले. पुसले गेले.

"वा!" सर खुर्चीत कोसळले. "आधी मी कंपनीचा पंखा होतो, आता मुक्त पंखा झालो!"

"मामा, पण आता आत बघता येतं."

सरांनी आत बघायचं ठरवलं. पडद्यावर त्यांना वाचवत नाही, म्हणून दोनशे बारा पानं छापून आणली. छपाईवाल्याने विचारलं, कुठली परीक्षा. सर लाल पेन घेऊन बसले. प्रोग्रॅम परभाषेत, पण ज्याने चौतीस वर्षं इतरांच्या वह्या तपासल्या, त्याला भाषा येण्याची गरज नसते, चुका दिसतात. आणि पहिल्या पानापासून त्यांना चुकाच चुका दिसल्या. ओळीच्या शेवटी सर्रास अर्धविराम! एकही पूर्णविराम नाही! मजकुराने कंस उघडावा आणि चार पानं तो मिटूच नये, हे कुठलं वळण? त्यांनी सगळं दुरुस्त केलं आणि भाचीला फोनवर वाचून दाखवलं. ती कामात होती. तिने मामाच्या हट्टापुढे हात टेकले आणि म्हणाली, पहिलं स्वातंत्र्य तुमचंच आहे, घ्या अनुभव. तिने तशाच्या तशा दुरुस्त्या घातल्या. प्रोग्रॅम सुरूच झाला नाही. मग तिने चालण्यापुरते अर्धविराम परत घातले, पण सरांनी छपाईची चूक समजून बदललेला एक आकडा तिच्या नजरेतून सुटला. पेटी दिवसभर शिट्टी वाजवत राहिली. तळमजल्यावरून गाणंवाल्या बाईंनी निरोप पाठवला, की स्वर शुद्ध आहे, पण आता पुरे.

सरांनी विरामचिन्हांच्या ह्या दुरुस्त्या अकरा पानांत लिहून गटालाही पाठवल्या होत्या. उत्तर आलं, "आपण प्रत्येक ओळ वाचलीत असं दिसतं. आमच्यापैकी कुणीच वाचलेली नाही. कृपया चालू ठेवा." कंपनीच्या सगळ्या पत्रव्यवहारात जेवढा मान मिळाला नव्हता, तेवढा या दोन ओळींत मिळाला. सरांनी कृपया चालू ठेवलं.

भाचीला विचारत विचारत पुन्हा वाचताना सत्त्याऐंशीव्या पानावर सरांना पुसणारी ओळ सापडली. भाचीने अर्थ लावून दिला. आवाज सलग तीन सेकंद एका पट्टीत राहिला, की तो माणसाचा नव्हे. बस्स. एवढ्या एका ओळीवर त्यांना संसारातून उठवण्यात आलं होतं.

"कुणी ठरवलं हे?"

"कुणीतरी अंदाजाने लिहिलं असणार. बदलू आपण. किती करू? दहा सेकंद?"

"मी दहा मिनिटं एका पट्टीत राहू शकतो," सर म्हणाले. मग ते उठले, पंख्यापाशी गेले, तो लावला आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. असे ते अर्धा तास उभे होते. मामींनी दोनदा येऊन पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "सेकंद मोजू नका. पंखा श्वास घेत नाही."

वर्गात ते हेच शिकवत आले होते. वाचणारा किती का सपाट वाचेना, दर चार-पाच सेकंदांनी अर्थ तुटतो तिथे तो सूक्ष्मसा श्वास घेतो. लिहिणाऱ्याने त्या फटीत मागचा शब्द पुरा करायचा. ती फट शोधा. ज्या आवाजात ती आहे, तो माणूस.

भाचीने तसं लिहिलं आणि गटाकडे पाठवलं. दुसऱ्या दिवशी दूरच्या कुठल्यातरी देशातून उत्तर आलं. "माझे वडील स्टेशनवर घोषणा करायचे. आईला ते चार वर्षं ऐकू येत नाहीत. आज ऐकू आले. दोघं भांडत आहेत. आभार." आणखी एकाने लिहिलं, "माझी सासू याच कारणाने गाळली जाते. सुधारणा उत्तम आहे, पण माझ्या घरी ती घालण्याची घाई नाही." सरांनी ही दोन्ही पत्रं छापून वहीत चिकटवली. म्हणजे जगात तीन पंखे होते तर! ह्यांच्या घरी पोचायला कुणाची परवानगी लागली नव्हती, फॉर्म लागला नव्हता, चौकट लागली नव्हती.

सुधारलेला प्रोग्रॅम पेटीत घातला त्या दिवशी वकीलसाहेब आणि गाणंवाल्या बाई आमंत्रण नसताना हजर होते. सरांनी काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, पण कागद खिशातच राहिला.

"ऐकू येतं का?" ते म्हणाले. जराही चढउतार न आणता.

मामींचे डोळे एकदम भरून आले. "येतंय की हो! अगदी तुमच्यासारखंच येतंय."

मग सर बोलले. मशीनबद्दल, कंपनीबद्दल, दुधाबद्दल, चौथ्या चौकटीबद्दल, प्रयोगशाळेतल्या त्या माणसाबद्दल, चारही स्वातंत्र्यांबद्दल, आणि विषय निघालाच म्हणून बंदरांच्या विकासाबद्दल. चार महिन्यांचं साठलेलं होतं. मिनिटाला ऐंशी शब्दांनी पंचेचाळीस मिनिटं लागली. वकीलसाहेब विसाव्या मिनिटाला गेले. मामी हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकत होत्या. संपल्यावर त्या भाचीकडे वळल्या.

"हे वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य म्हणतात, ते म्हणजे माझं ना?"

"तुझंच, मामी. कान तुझा."

"मग मला शिकव कसं बदलतात ते."

सर कौतुकाने म्हणाले, "बघा, हिलाही गोडी लागली."

मामी तीन आठवडे भाचीपाशी बसल्या. एके काळी दीडशे लाइनी एका हाताने सांभाळल्या होत्या. कुणाला जोडायचं, कुणाला थांबवून ठेवायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक दिवस गटाकडून सगळ्यांना कळवण्यात आलं, की एका सदस्येने एक नवी सोय लिहिली आहे आणि ती घरगुती वापराला इतकी उपयुक्त आहे, की आठवड्यात चारशे लोकांनी ती घेतली. सुधारकांच्या यादीत सरांच्या नावाखालीच मामींचं नाव होतं.

सोय कसली, हे कळवलेलं नव्हतं. पण मजकूर उघडा होता. पहिलं स्वातंत्र्य त्यांनाही होतं. त्यांनी मामींची ओळ न् ओळ छापून आणली आणि लाल पेन न घेता वाचायला बसले. पंखा, फ्रिज, मोटर: संपूर्ण बंद. श्वास घेणारा सपाट आवाज: कधीही पूर्ण बंद करू नये. असा आवाज सलग अकरा मिनिटांपेक्षा जास्त चालल्यास निम्मा करावा.

अकरा मिनिटं! एकीकडे सर संतापले. दुसरीकडे मनातल्या मनात हिशेब झाला, की लघुलेखनाच्या परीक्षेतला सर्वांत मोठा उतारासुद्धा दहा मिनिटांचा असतो. बायकोने एक मिनिट वर दिलं होतं. तरी त्यांनी गटाच्या पानावर रीतसर हरकत नोंदवली. तीन परिच्छेद, मर्यादा पंधरा मिनिटांची करण्यात यावी.

संध्याकाळी पलीकडच्या खोलीतून त्याच पानावर उत्तर आलं. "सूचना काळजीपूर्वक वाचली. नामंजूर. आपण स्वतःचे बदल करून वेगळी आवृत्ती काढण्यास पूर्णपणे मुक्त आहात."

सर तो कागद घेऊन तडक वकीलसाहेबांकडे गेले. वकीलसाहेबांनी परवाना आणि उत्तर दोन्ही वाचलं आणि मान डोलावली. "कायद्याने चोख आहे सर. काढा की वेगळी आवृत्ती."

"काढीन! आजच काढीन!" सर दारात उभे राहून म्हणाले. "ते माझं तिसरं स्वातंत्र्य आहे. आणि काढल्यावर ती घालू कुणाच्या कानात, तुमच्या? परवान्यात ह्याचं एक अक्षर नाही. चार स्वातंत्र्यं दिली, तीही शून्यापासून मोजून, आणि ज्या माणसाला कान एकच उपलब्ध आहे, त्याने काय करावं..."

"ऐकू येतंय बरं का मला!" घरातून मामींचा आवाज आला.

सरांनी घड्याळ पाहिलं. बोलायला लागून सात मिनिटं झाली होती. चार शिल्लक होती. ती त्यांनी वाया घालवली नाहीत.